मोटारीची एकुलती एक किल्ली दिवेआगरच्या वाळूत हरवली : शोधत राहावे की नवी करून घ्यावी?

तिठा (सोमवार, सकाळी ९.१०)

गेल्या शनिवारी आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी आणि दोन मुले, पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला गेलो होतो. दुपारी साडेचारच्या सुमारास समुद्रावर उतरलो, मुलांनी वाळूचा किल्ला केला, मी दोन वेळा गुडघाभर पाण्यात जाऊन आलो, आणि सूर्यास्तानंतर सुरूच्या बनातून गाडीपाशी परतल्यावर अर्ध्या चड्डीच्या खिशात हात घातला तेव्हा खिशात ओली वाळू आणि एक शिंपला एवढेच होते. मोबाइलच्या उजेडात रात्री नऊपर्यंत शोधले, रविवारी सकाळी पुन्हा शोधले, ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी दोन गडी मदतीला दिले, तरी किल्ली मिळाली नाही. शेवटी गाडी तिथेच, त्यांच्या अंगणाबाहेर ढकलत नेऊन ठेवली (सुदैवाने कुलूप लावलेले नव्हते आणि चाके सरळ होती) आणि आम्ही एसटीने पुण्याला आलो.

गाडी २०१६ सालची, साध्या गिअरची, किल्ली फिरवून सुरू होणारी आहे. दुसरी किल्ली दोन वर्षांपूर्वी घर बदलताना गेली, आणि 'करून घेऊ केव्हातरी' या सदरात राहिली. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत सकाळी दूरध्वनी केला असता किल्ली मागवण्यास आठ ते दहा दिवस लागतील, गाडी त्यांच्याकडे उचलून आणावी लागेल आणि संपूर्ण लॉक संच बदलल्यास एकूण खर्च वीस हजारांच्या घरात जाईल, असे सांगण्यात आले. माझे प्रश्न असे : वाळूत पुन्हा शोधण्यात काही अर्थ आहे का? बाहेरच्या कारागिराकडून किल्ली करून घेणे सुरक्षित असते का? आणि ती किल्ली कोणाला सापडली तर तो गाडी नेऊ शकेल का?

एक विनंती. 'काखेत कळसा' ही म्हण कृपया कोणी लिहू नये. ती घरात शनिवारपासून ऐकतो आहे.

लिंबूटिंबू (सोमवार, ९.३२)

दिवेआगरला १९९७ साली सुपारीच्या बागेत खणताना सुवर्ण गणेशाचा मुखवटा निघाला. आपली किल्लीही निघेल, फक्त किती शतकांनी एवढाच प्रश्न आहे.

शंकासुर (सोमवार, १०.०५)

मी श्रीवर्धन तालुक्यातलाच असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आमच्याकडे भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी. शनिवारी पंचमी होती, म्हणजे पाऊणपट पावणेचार, अर्थात पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती होती. तुम्ही साडेचारला उतरलात तेव्हा पाणी नुकतेच ओसरू लागले होते आणि अंधार पडेपर्यंत ते बरेच मागे गेले होते. याचा अर्थ, तुम्ही ज्या वाळूवर फिरलात ती मध्यरात्रीपर्यंत उघडी होती. त्या रात्री जाळीची चाळण आणि चांगली विजेरी मिळाली असती तर संधी खरोखर होती. पहाटे चारनंतर मात्र पुढच्या भरतीचे पाणी त्यावर आले, आणि आता दर दिवसाला दोनदा येत आहे.

तरीही एक विचारतो. तुम्ही कोठे बसला होतात? भरतीच्या रेषेच्या वर, म्हणजे जिथे सुकलेला पाला आणि काटक्यांची ओळ दिसते तिच्यापलीकडे, सुरूच्या मुळांकडे चप्पल आणि पिशव्या ठेवल्या असतील, तर तिथली वाळू पाण्याने हललेली नाही. किल्ली पाण्यातच पडली असे आपण गृहीत धरता. बहुतेकांची किल्ली खिशातून खाली पडते ती बसताना, उठताना किंवा मोबाइल बाहेर काढताना.

कानस (सोमवार, ११.४०)

माझ्या वडिलांचे पुण्यात चावी करण्याचे छोटे दुकान होते, मी आता केवळ चारचाकी वाहनांच्या किल्ल्यांचे काम करतो. त्यामुळे माझे मत व्यवसायाकडे झुकलेले आहे हे आधीच नमूद करून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या किल्लीत वस्तुतः तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच लोक फसतात. पहिली म्हणजे धातूचे पाते, जे दार उघडते आणि स्टिअरिंगचे कुलूप फिरवते. दुसरी म्हणजे दार दुरून उघडण्याचे बटण, ज्याला नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी लागते. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, म्हणजे किल्लीच्या डोक्यात बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. तिला बॅटरी नसते. किल्ली फिरवण्याच्या जागेभोवती तारेचे एक वेटोळे असते, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला ऊर्जा मिळते, ती आपला संकेत सांगते आणि गाडीच्या संगणकाला तो ओळखीचा वाटला तरच इंजिनाला इंधन मिळते. याला इमोबिलायझर म्हणतात. रस्त्यावरच्या छत्रीखाली दीडशे-दोनशे रुपयांत करून मिळते ते फक्त पाते असते. त्याने दार उघडेल, किल्ली फिरेल, पण इंजिन सुरू होणार नाही किंवा क्षणभर सुरू होऊन बंद पडेल, आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहील. ग्राहक मग कारागिराने फसवले म्हणून भांडतो, आणि कारागिरालाही कधीकधी खरोखर ठाऊक नसते.

एकही किल्ली शिल्लक नसणे आणि एक शिल्लक असणे यांत कामाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. एक असेल तर तिची नक्कल पाहून पाते कापता येते आणि संगणकाला दुसरी किल्ली शिकवणे तुलनेने सोपे असते. एकही नसेल तर आधी पात्याचे खाचे शोधावे लागतात. दाराच्या कुलपात पातळ पत्त्यांची रांग असते, प्रत्येक पत्तीची उंची विशिष्ट हत्याराने मोजून आम्ही त्यावरून नवे पाते कापतो. जुन्या काळी वडील हेच काम कोरी चावी कुलपात घालून, जोराने फिरवून, तिच्यावर उमटलेले बारीक डाग भिंगाखाली पाहत कानशीने करत असत, आणि एका चावीला दीड तास लागे. पात्यानंतर स्टिअरिंगखालच्या जोडणीला यंत्र लावून गाडीच्या संगणकात नवी चिप नोंदवायची.

आता आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी. गाडी नवी घेतली तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्यासोबत एक छोटा धातूचा बिल्ला किंवा चिकटपट्टीवरचा क्रमांक मिळाला असेल. तो किल्लीचा क्रमांक. तो सापडला तर कुलूप न उघडता, न मोजता पाते अचूक कापता येते. कृपया घरातील कागदपत्रांत तो शोधावा. दुसरे, नवी किल्ली नोंदवताना हरवलेली किल्ली संगणकाच्या स्मृतीतून पुसून टाका असे आवर्जून सांगावे. मग ती कोणाला सापडली तरी गाडी सुरू होणार नाही. मात्र पाते दार उघडेल, ते टाळायचे असेल तरच दाराचे कुलूप बदलावे लागते. संपूर्ण लॉक संच बदलणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते.

सोनटक्का (सोमवार, दुपारी १.१५)

कानस यांचे स्पष्टीकरण उत्तम आहे, परंतु मी ठामपणे कंपनीच्या बाजूने मत देईन. तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीची किल्ली शहरातल्या एका कारागिराकडे करून घेतली. त्याने यंत्र जोडले, अर्धा तास काहीतरी केले, आणि त्यानंतर माझी चांगली चालू असलेली मूळ किल्लीही गाडी ओळखेनाशी झाली. तो म्हणाला, असे होते कधीकधी. गाडी ट्रकवर चढवून कार्यशाळेत न्यावी लागली आणि चार हजार वाचवायला गेलो तिथे साडेअकरा हजार गेले. शिवाय ज्या माणसाच्या यंत्रात माझ्या गाडीचा संकेत शिरला, त्याने तो कोठे ठेवला आहे हे मला कसे कळणार?

कानस (सोमवार, २.०२)

सोनटक्का, आपला अनुभव खरा आहे आणि त्याचे कारणही बहुधा साधे आहे. अनेक गाड्यांमध्ये नवी किल्ली नोंदवताना आधीच्या सर्व किल्ल्या पुसल्या जातात आणि मग एकेक पुन्हा शिकवावी लागते. त्या वेळी मूळ किल्लीही त्याच बैठकीत नोंदवायची असते. त्याला एकतर ते ठाऊक नव्हते किंवा यंत्राची बॅटरी मध्येच उतरली. गाडीची बॅटरी अशक्त असताना हे काम सुरू करणे हीदेखील एक नेहमीची चूक आहे.

संकेताविषयीची शंका मात्र मी फेटाळू शकत नाही. म्हणून ओळखीचा, दुकानाचा पत्ता असलेला, नोंदणी पुस्तक आणि मालकाचे ओळखपत्र मागणारा कारागीर निवडावा. जो कागद न मागता किल्ली करून देतो, तो उद्या आपल्या गाडीची किल्ली तिसऱ्यालाही करून देईल.

वसईकरीण (सोमवार, ३.२०)

आमच्या घरी काहीही हरवले की आई संत अंतोनीला साकडे घालते आणि सापडल्यावर मेणबत्ती लावते. माझी किल्ली तीन वेळा सापडली आहे, मेणबत्त्या मात्र दोनच लागल्या आहेत, म्हणून चौथ्यांदा हरवण्याची भीती वाटते.

तळटीप (सोमवार, ३.४५)

आमच्याकडे हेच खाते कार्तवीर्यार्जुनाकडे आहे. हजार बाहूंच्या त्या राजाचे स्मरण केले की गेलेले आणि नष्ट झालेलेही परत मिळते, असा श्लोक आजी म्हणत असे. हजार हात असल्यावर सोफ्याच्या फटीत शोधणे सोपे जात असावे. लहानपणी मला वाटायचे की श्लोकाने वस्तू सापडते. आता वाटते की श्लोक तीनदा म्हणेपर्यंत माणूस एका जागी शांत बसतो आणि त्याला आठवते. तिठा, आपण शेवटची किल्ली कोणत्या क्षणी हातात पाहिली होती ते सांगू शकाल का?

तिठा (सोमवार, सायंकाळी ७.३०)

सर्वांचे आभार. तळटीप यांच्या प्रश्नावर घरात बराच खल झाला. मी म्हणतो, गाडी बंद केल्यावर खिशात टाकली. पत्नी म्हणते, मुलांची खेळण्याची बादली डिकीतून काढण्यासाठी मी ती पुन्हा बाहेर काढली होती. धाकटा, वय वर्षे सहा, म्हणतो की किल्ल्याच्या दरवाजाला किल्ली हवी होती म्हणून त्याने बाबांकडे मागितली होती, पण बाबांनी दिली की नाही हे त्याला आठवत नाही. मलाही आठवत नाही. हे उत्तर मिळाल्यापासून घरात माझ्याकडे संशयाने पाहिले जात आहे.

लिंबूटिंबू (सोमवार, ७.४१)

किल्ल्याची किल्ली किल्ल्यातच राहिली. इतिहासात असे फितुरीशिवाय होत नाही.

दुपारची_झोप (सोमवार, रात्री ९.१८)

ज्यांच्याकडे बटण दाबून सुरू होणारी गाडी आहे त्यांनी आमचा प्रसंग ऐकून ठेवावा, कारण त्यात किल्ली हरवत नाही, तरीही हरवते. यजमानांना सव्वासातच्या डेक्कन क्वीनला सोडायला मी पुणे स्थानकावर गेले होते. जाताना ते गाडी चालवत होते, किल्ली त्यांच्या खिशात. स्थानकाबाहेर इंजिन चालू ठेवूनच आम्ही जागा बदलली, ते धावत फलाटाकडे गेले. गाडीने दोन-तीन वेळा पिंपीं केले, पडद्यावर काहीतरी संदेश आला, मागचा रिक्षावाला भोंगा वाजवत होता म्हणून मी निघाले. चालू असलेले इंजिन किल्ली दूर गेली म्हणून बंद पडत नाही, कारण धावत्या गाडीचे इंजिन मध्येच बंद करणे धोक्याचे असते. मंडईत भाजी घ्यायला थांबले, बटण दाबून बंद केली, आणि जुडीभर मेथी घेऊन परत आले तेव्हा ती गाडी माझी राहिली नव्हती. किल्ली तोपर्यंत खंडाळ्याच्या घाटात होती.

दुसरी किल्ली घरी कपाटात होती, पण कपाटाची किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात होती. यजमानांनी ती संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने स्वतः आणली. दिवसभर गाडी मंडईत उभी होती, तिला कुलूपही लावता येत नव्हते, म्हणून मी आतच बसून मेथी निवडली.

घाटमाथा (सोमवार, ९.५०)

कपाटाच्या किल्लीचा तपशील वाचून हसून पुरेवाट झाली. आमच्याकडे मात्र किल्लीतली बॅटरी संपली होती आणि आम्ही गाडी बंद पडली असे समजून दोन तास बसलो. पुढे कळले की अशा किल्लीच्या पोटात एक छोटे पाते दडवलेले असते, त्याने दार उघडता येते. आणि किल्ली सुरू करण्याच्या बटणाला अगदी टेकवून धरली तर बॅटरी संपलेली असतानाही पुष्कळ गाड्या सुरू होतात. हे सारे पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका गाडीच्या आतल्या कप्प्यात असते, आणि गाडीला कुलूप असते.

संत्रानगरी (मंगळवार, सकाळी ८.०५)

इथे सगळे किल्ली-किल्ली करत आहेत. आमच्या नागपुराकडे ती चाबी असते आणि ती हरवत नाही, गमावते.

तळटीप (मंगळवार, ८.४०)

चावी हा शब्द पोर्तुगीज आहे, आणि त्याच वाटेने दाराची बिजागरीही आली. कुलूप मात्र अरबीतून आले. म्हणजे मराठी माणसाच्या दारावर दोन परकीय सत्ता एकमेकींशेजारी नांदत आहेत, आणि आत काय आहे याचा पत्ता कोणालाच नाही. विषयांतराबद्दल क्षमस्व.

नीरक्षीर (मंगळवार, ११.१०)

मी वाहन विमा क्षेत्रात काम करतो, त्यामुळे कागदोपत्री बाजू मांडतो. ती कंटाळवाणी आहे पण पैशांची आहे.

सर्वसमावेशक विमा असला तरी हरवलेल्या किल्लीची भरपाई त्यात आपोआप समाविष्ट नसते. 'झीरो डेप' (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) घेतला आहे म्हणून किल्ली मिळेल असे अनेकांना वाटते, तेही बरोबर नाही. किल्ली आणि कुलूप बदलण्यासाठी स्वतंत्र पूरक संरक्षण असते आणि ते घेतलेले आहे की नाही हे पॉलिसीच्या पहिल्या पानांवरील हप्त्याच्या तपशिलात पाहावे. असेल तर विमा कंपनीला कळवण्याची मुदत आणि पोलिसांकडील नोंदीची अट काय आहे ते आधी वाचावे, कारण लोक आधी किल्ली करून घेतात आणि मग दावा करायला येतात.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. उद्या दुर्दैवाने गाडी चोरीस गेली, तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक नसेल तर ती कधी व कशी हरवली हे विचारले जाते, आणि उत्तरादाखल कागद नसेल तर निष्काळजीपणाचा मुद्दा काढून दावा अडतो. ग्राहक आयोगापुढे असे वाद वारंवार येतात. म्हणून तिठा, आपली दोन वर्षांपूर्वी हरवलेली किल्लीसुद्धा कागदावर आलेली नाही, हे लक्षात घ्या. वस्तू हरवल्याची नोंद म्हणजे प्राथमिक माहिती अहवाल नव्हे. पुणे, मुंबई येथील पोलिसांकडे ती संकेतस्थळावरूनही करता येते. आपली किल्ली मात्र रायगड जिल्ह्यात हरवली आहे, त्यामुळे तिथल्या ठाण्यात जाताना विचारपूस करावी. वीस मिनिटांचे काम आहे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठीही हेच सांगतो. एकच किल्ली मिळत असेल तर किमतीत नव्या किल्लीचा खर्च वळता करून घ्यावा आणि नोंदणी नावावर झाल्याबरोबर जुन्या साऱ्या किल्ल्या पुसून घ्याव्यात.

सोनटक्का (मंगळवार, ११.५५)

नीरक्षीर यांचा दुसरा मुद्दा वाचून मी आत्ता उठून माझ्या दोन्ही किल्ल्या मोजल्या. दोन आहेत. एकीला पाते नाही.

परसबाग (मंगळवार, दुपारी ४.३०)

मी गेली काही वर्षे न्यू जर्सीत आहे. इथे दुकानाच्या वाहनतळावर किल्ली हरवली तेव्हा कारागीर स्वतःची व्हॅन घेऊन आला, गाडीतच बसवलेल्या यंत्रावर पाते कापले, चिप नोंदवली आणि तासाभरात गेला. त्याआधी त्याने माझा वाहन परवाना, नोंदणी आणि चेहरा असे तिन्ही ताडून एक अर्ज भरून घेतला. इथे अशा कारागिरांची राष्ट्रीय नोंदणी असते आणि नोंदणीकृत माणसालाच गाडी उत्पादकांकडून संकेत मिळू शकतात. गंमत म्हणजे शेजारच्या कॅनडात नव्या गाड्यांना इमोबिलायझर २००७ पासून सक्तीचा आहे आणि युरोपात तो १९९८ पासूनच आहे, पण अमेरिकेत तशी सक्ती नाही. त्यामुळे काही वर्षांपूर्वी इथे चिप नसलेल्या गाड्या पोरासोरांनी मोठ्या प्रमाणावर पळवल्या. चिपच्या किल्लीचे पैसे मोजताना माझी कुरकुर तेव्हापासून थांबली आहे.

वसईकरीण (मंगळवार, ५.०५)

कानस यांना प्रश्न. माझी किल्ली एकदा जीन्ससकट धुलाई यंत्रातून निघाली. बटण चालेना, पण गाडी सुरू झाली. हे कसे?

कानस (मंगळवार, रात्री ८.२०)

चिप काचेच्या किंवा टणक आवरणात बंद असते, तिला पाण्याचे भय नाही. बटणाचा छोटा फलक मात्र गंजतो. असे झाल्यास लगेच बॅटरी काढावी, फलक स्वच्छ पाण्याने आणि नंतर अल्कोहोलने पुसून एक दिवस सुकू द्यावा, तांदळात पुरण्याची गरज नाही. समुद्राचे पाणी लागले असेल तर अधिक घाई करावी, मीठ फार लवकर खाते. तिठा यांची किल्ली उद्या सापडली तरी तिचे बटण गेलेले असेल, चिप बहुधा जिवंत असेल.

तिठा (गुरुवार, सायंकाळी ६.४५)

थोडी प्रगती आहे म्हणून लिहितो. कानस यांनी सांगितलेला बिल्ला सापडला. गाडी घेतली तेव्हाच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये, विक्रेत्याने दिलेल्या पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात पत्नीने तो जपून ठेवला होता, आणि खोक्यावर तिच्या अक्षरात 'गाडी, महत्त्वाचे, टाकू नये' असे लिहिलेले होते. तो अंगठ्याच्या नखाएवढा आहे आणि त्यावर पाच आकडे ठोकलेले आहेत. मी तो आठ वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

विम्यात किल्लीचे पूरक संरक्षण नाही. माणगावच्या एका कारागिराशी बोललो. त्यांनी आधी नोंदणी पुस्तक आणि आधार यांची छायाचित्रे मागवली, त्यामुळे ते कानस यांच्या कसोटीला उतरले. शनिवारी ते दिवेआगरला येतील. मी शुक्रवारी रात्री निघतो आहे. शंकासुर, शनिवारी शोधण्यास योग्य वेळ कोणती? आम्ही बसलो होतो ती जागा आपण म्हणता त्या काटक्यांच्या रेषेच्या किंचित खाली होती.

शंकासुर (गुरुवार, रात्री ९.००)

शनिवारी द्वादशी. पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी तीन-सव्वातीनला. बारानंतर जा. लोखंडी दातेरी खोऱ्याने उकरू नका, त्याने किल्ली अधिक खोल जाते. बांधकामावर वाळू चाळायची चाळण असते ती काकांकडून मागून घ्या आणि वरची वीतभर वाळू हात-हात चौरस चाळत पुढे सरका. आशा ठेवू नका, पण चाळा. आणि पोलीस ठाण्यात सकाळीच जाऊन या.

तिठा (रविवार, रात्री १०.१५)

आता सविस्तर. शनिवारी सकाळी आधी पोलीस ठाण्यात गेलो. तेथील अंमलदारांनी दोन्ही किल्ल्यांची नोंद एकाच अर्जावर घेण्यास नकार दिला, कारण पहिली पुण्यात हरवली होती. तिची नोंद मी संकेतस्थळावरून करेन. इथल्या नोंदीची शिक्का मारलेली प्रत मिळाली.

कारागीर दुचाकीवर आले, पाठीला एकच पिशवी. बिल्ल्यावरच्या क्रमांकावरून पाते त्यांनी माणगावातच कापून आणले होते. दाराला लावले, फिरले नाही. त्यांनी ते बाहेर काढून उन्हात धरले, कानशीचे दोन हलके हात टोकाकडच्या तिसऱ्या खाचेवर फिरवले, कापडाने पुसले, पुन्हा घातले, आणि आठवडाभर समुद्राच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या गाडीचे कुलूप खट् करून फिरले. मग गाडीची बॅटरी मोजली, ती उतरलेली होती, म्हणून काकांच्या जीपवरून तार जोडली आणि तेव्हाच यंत्र लावले. सोनटक्का यांचा प्रसंग सांगितला तर म्हणाले, 'घाई करतात हो.' पंचेचाळीस मिनिटांत दोन किल्ल्या नोंदवल्या. यंत्राच्या पडद्यावर आधीच्या दोन किल्ल्या दिसत होत्या, त्या पुसल्या आणि पडदा मला दाखवला. दोन किल्ल्यांचे मिळून सात हजार दोनशे रुपये झाले, त्यांपैकी एकीलाच बटण आहे. दाराचे कुलूप बदललेले नाही. गाडीत मौल्यवान काही ठेवत नाही म्हणून तूर्त तसेच राहू दिले.

बारा ते साडेतीन मी, काका आणि त्यांचा नातू वाळू चाळत होतो. शंकासुर यांचे म्हणणे अक्षरशः पाळले. माझी किल्ली मिळाली नाही. मात्र तीन किल्ल्या मिळाल्या : एक पितळी कुलपाची, पूर्ण हिरवी पडलेली, एक कपाटाची असावी अशी चपटी, आणि एक स्कूटरची, लाल दोरा बांधलेली, अजून चकचकीत. काकांनी तिन्ही पडवीतल्या खिळ्याला अडकवून ठेवल्या आहेत. कोणी अलीकडे तिकडे जाऊन आले असेल आणि लाल दोरा ओळखीचा वाटत असेल तर मला निरोपातून कळवावे, काकांचा पत्ता देतो.

कानस (रविवार, १०.४०)

दर रास्त आहे. दुसऱ्या किल्लीला बटण नसले तरी चालेल, पण ती गाडीत ठेवू नका आणि एकाच जुडग्यात दोन्ही नकोत.

दुपारची_झोप (रविवार, १०.५२)

आणि कपाटात ठेवणार असाल तर कपाटाची किल्ली कोठे आहे ते आधी पाहा.

संत्रानगरी (सोमवार, सकाळी ७.५०)

स्कूटर कोणत्या कंपनीची? माझा साळा मागच्या पंधरवड्यात तिथून टेम्पोत स्कूटर टाकून परतला आहे, आणि का, ते आम्हाला सांगत नाही.